भाव पडला, नाणं वाचलं!

शेअर पडला की टीव्हीवर लाल बाण दिसतो, अँकरचा आवाज चढतो, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन जण चहा अर्धा टाकून उठतात. नाण्यांचा बाजार पडतो तेव्हा यातलं काहीच होत नाही. निर्देशांक नाही, घंटा नाही, ब्रेकिंग न्यूज तर नाहीच नाही. होतं ते एवढंच, की गेल्या दिवाळीत 'साहेब, एकच पीस उरलाय' म्हणणारा दुकानदार आता तोच पीस परत घ्यायला कां-कूं करतो. लिलावात लॉट पुकारला जातो, कुणी हात वर करत नाही, लॉट मुकाट्याने मालकाच्या घरी परत. मग रात्री उशिरा, घरचे झोपल्यावर, संग्राहक आपला अल्बम काढतो, एकेका नाण्याकडे बघतो आणि मनातल्या मनात बेरीज करतो. बेरीज कसली, वजाबाकीच!

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा छंद तेजीच्या काळात लावून घेतलाय. पहिला पगार, दुसरा बोनस, कुणा मित्राचा सल्ला: 'अरे, जुनं नाणं कधी पडत नाही.' पडतं, मंडळी. चांगलं दणकन पडतं. पण पडल्यावर नेमकं काय पडतं आणि काय शाबूत राहतं, हे समजून घ्यायचं तर मुंबई-पुण्याच्या लिलावघरांतून थोडं बाहेर यायला हवं. आपण जरा लांब जाऊ, राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात. कारण तिथे चांदीचा रुपया अल्बममध्ये कमी आणि गळ्यात जास्त राहिलाय.

एक नाणं, दोन भाव

आधी थोडं गणित. घाबरू नका, अप्रेझलच्या फॉर्मपेक्षा सोपं आहे.

राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरियाचा, वजनाला ११.६६ ग्रॅम. बरोब्बर एक तोळा. त्यात चांदी ९१.६७ टक्के. म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला ७३ हजारांवर गेली होती, तेव्हा या रुपयाच्या पोटातली चांदीच जवळजवळ ७८० रुपयांची होती. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जगभर चांदी कोसळली आणि नंतर घसरतच राहिली. २०१५ संपता संपता भाव ३३-३४ हजारांवर आला. तोच रुपया, तीच राणी, पोटातली चांदी मात्र ३६० रुपयांची. आणि २०२५ मध्ये चांदीने दीड लाख ओलांडला तेव्हा हाच आकडा १६०० च्या पुढे गेला.

हा झाला धातूचा भाव. त्याच्या डोक्यावर बसतो तो हौसेचा भाव. साल कोणतं, टांकसाळ कोणती, राणीच्या गालावरची झीज किती, यावर तो ठरतो. १८६२ चं साल बघून 'बाप रे, किती जुनं!' म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: १८६२ नंतर जवळपास बारा वर्षं टांकसाळीतून बाहेर पडणाऱ्या रुपयांवर १८६२ हेच साल छापलं जात होतं. म्हणून हे साल जुनं असलं तरी ढिगाने मिळतं. याउलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया वयाने कितीतरी लहान, पण तो दिसला की जाणकाराच्या हाताला घाम फुटतो, इतका दुर्मिळ.

मंदीत हे दोन्ही भाव एकदमच आपटतील असं नाही. पण तेजीत ज्याने साध्या सालाच्या नाण्याला हौसेचा भाव देऊन ठेवला, त्याची पंचाईत होते. हौस ओसरते, खाली धातू उरतो. आणि धातूही खाली गेला, तर मग रात्रीची ती वजाबाकी.

गळ्यातली बँक

आता चांद्याकडे. चंद्रपूरला जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात. गोंड राजांची राजधानी, पुढे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि इंग्रजांचा अंमल. गडचिरोली याच जिल्ह्याचा भाग होता, २६ ऑगस्ट १९८२ ला तो वेगळा जिल्हा झाला. वैनगंगा ओलांडून अहेरी, एटापल्ली, भामरागडकडे निघालात की साग, बांबू आणि मधेच एखादा आठवडी बाजार.

या मुलखात बँक फार उशिरा आली. पण पैसा बँकेच्या आधी आला होता. जंगलाची तोड, शेताची मजुरी, बाजारातला व्यवहार यांतून तो आला आणि त्यातला जो 'बंदा रुपया' होता, म्हणजे चांदीचा, अखंड, खणकन वाजणारा, तो खर्चापेक्षा साठवणीला बरा वाटला. साठवायचा कुठे? मातीच्या घरात कपाट नसतं. म्हणून रुपयाच्या डोक्यावर एक कडी झाळून बसवली, दोऱ्यात ओवला आणि गळ्यात घातला. मध्य भारतातल्या गोंड आणि माडिया बायकांच्या गळ्यात अशा रुपयांच्या माळा पिढ्यान् पिढ्या राहिल्या. लग्नात आईकडून लेकीकडे, अडचणीत माळेतला एक रुपया सराफाकडे, बाकीचे परत गळ्यात. तुमचं एसआयपी काय करतं? थोडं थोडं साठवतं, अडीनडीला थोडं मोडता येतं. माळ तेच करत होती, वर अंगावर शोभूनही दिसत होती.

आता हीच माळ शहरातल्या संग्राहकासमोर ठेवा. तो पहिल्यांदा काय बघेल? कडी. कडी झाळलेलं नाणं म्हणजे डागी नाणं. वर्षानुवर्षं अंगाला घासून राणीचा चेहरा गुळगुळीत झालेला. प्रत शून्य, हौसेचा भाव शून्य. उरतो फक्त धातू. म्हणजे अल्बमातल्या नाण्याला निदान दोन भाव आहेत, माळेतल्या नाण्याला एकच: काट्यावरचा.

आणि इथेच मला या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट दिसते. ज्या नाण्याला फक्त काट्यावरचा भाव आहे, त्याचा शत्रू मंदी नाही. त्याचा शत्रू तेजी आहे.

चांदी ३४ हजारांवर असते तेव्हा माळ विकून फारसं काही हाती येत नाही. 'असू दे गळ्यात' असं म्हणून ती राहते. चांदी दीड लाखावर जाते तेव्हा घरात दवाखान्याचं बिल असतं, पोराच्या शिक्षणाची फी असते, आणि माळेकडे नजर जाते. सराफ काटा काढतो. 'माय, कडीचं वजन वेगळं धरतो हं,' म्हणतो, त्याच्या हिशेबाने योग्यच बोलतो. पैसे रोख मिळतात. माळ मोडीत जाते, मोडीतून मुशीत, आणि मुशीतून तिची लगड होते. लगडीवर राणी नसते, साल नसतं, टांकसाळीची खूण नसते, आणि कुणाच्या पणजीची होती हेही नसतं. विकणाऱ्या बाईला दोष देण्याचा प्रश्नच नाही. तिची बँक होती, तिने वापरली. पण तुमच्या-माझ्यासारखे जे 'नाण्यांवर प्रेम आहे' म्हणत फिरतात, त्यांनी तेजीला टाळ्या वाजवताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

डॉलर वितळला, रुपया झाला

तेजीत नाणं वितळतं हा काही आपल्याच जंगलाचा अनुभव नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी गोळा करायचा सपाटा लावला. औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये ५० डॉलरला टेकली. लोकांनी आजोबांची नाणी पिशव्या भरभरून भट्टीत दिली. २७ मार्च १९८० ला चांदी एका दिवसात ११ डॉलरच्या खाली आली. भाव पुढे कधीतरी परत वर आला, वितळलेली नाणी मात्र आली नाहीत.

त्याहून मजेशीर गोष्ट १९१८ ची. पहिलं महायुद्ध चालू होतं, हिंदुस्थानात लोक कागदी नोटा घेऊन 'याचा चांदीचा रुपया द्या' म्हणत रांगा लावत होते, आणि सरकारकडे चांदी कमी पडत होती. अमेरिकेने तेव्हा पिटमन कायदा करून आपले २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी. म्हणजे पंचम जॉर्जच्या १९१८-१९ च्या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असू शकते. भामरागडच्या बाजारात एखाद्या आजीच्या गळ्यात हे साल दिसलं, तर काय सांगावं, ती चांदी समुद्र ओलांडून आलेली असेल! काट्यावर याची किंमत शून्य. पण ही गोष्ट कळल्यावर तो रुपया तुम्हाला पूर्वीसारखा दिसेल का?

आपल्याकडची आणखी एक गंमत: १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड जमली, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने रुपये मागे घेतले, पाडलेल्यांपैकी बहुतेक वितळवले आणि पुढच्या साली हत्तीला नीट सोंड मिळाली. आज १९११ च्या रुपयाला जास्त भाव का? कारण बाकीचे भट्टीत गेले. दुर्मिळता म्हणजे दुसरं काय? आपल्या भावंडांच्या मरणावर जगलेलं नाणं.

मडकं फुटलं की भाव फुटतो

भाव पडण्याचा आणखी एक प्रकार असतो, तो फक्त नाण्यांच्याच नशिबी. शेतात नांगर अडतो, मडकं फुटतं, आणि आजवर बोटांवर मोजण्याइतकं असलेलं नाणं एका दुपारी हजारांनी बाहेर येतं.

महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभीचं. १९०६ पर्यंत नहपान या क्षत्रप राजाची चांदीची नाणी अगदी मोजकी माहीत होती. त्या वर्षी जोगलटेंभीला १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. ज्याच्याकडे आधीचं एखादं नहपान होतं, त्याच्या मिजाशीचं काय झालं असेल? पण त्याच साठ्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवलेला होता. नहपानाचा चेहरा, त्याच्यावर सातवाहनांची मोहर. एका राजाने दुसऱ्याला हरवलं याचा इतका खणखणीत पुरावा क्वचितच सापडतो. भाव उतरला, इतिहास चढला.

आणि हे चांद्यालाही घडलंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा सापडला. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची मिश्र धातू. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. नाणेशास्त्राच्या पुस्तकांत हा साठा आजही चांद्याच्या नावाने ओळखला जातो, १९०८ च्या ब्रिटिश म्युझियमच्या रॅप्सनच्या सूचीतही त्याची चर्चा आहे. पुढे १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला असाच मोठा साठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो वाचला, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीतही नसलेली राजांची नावं उजेडात आली. काट्यावर टाकली तर ही नाणी काय भावाची? भंगाराच्या. पण त्यांच्यावाचून विदर्भाच्या इतिहासातली काही पानं कोरीच राहिली असती.

ही नाणी कुणी तेव्हा वितळवली नाहीत याचं एक साधं कारण आहे. पोटीनला भाव नव्हता. स्वस्त होती म्हणून वाचली!

जाता जाता, कायद्याचं एक वाक्य. जमिनीत पुरलेलं असं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. हो, दहाच रुपये. आकडा हास्यास्पद वाटला तरी कायदा जिवंत आहे. म्हणून 'नदीत मिळालंय, पावती नाही, स्वस्तात देतो' असं कुणी म्हणालं तर स्वस्ताईला भुलू नका.

ज्याला तळच नाही

तिसऱ्या प्रकारची पडझड सगळ्यात वाईट, कारण तिथे खाली धातूही नसतो आणि इतिहासही. फक्त अफवा असते.

२०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आठवतंय? 'तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळवा!' अशा जाहिराती मोबाइलवर फिरल्या. कितीतरी घरांत गल्ले उलटे करून झाले. समोरचा माणूस नाणं विकत घ्यायच्या आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागायचा, आणि फी भरली की गायब. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी कमिशन मागणाऱ्यांशी आमचा काही संबंध नाही.

नोटांचंही तसंच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा बाद झाल्या, आणि बऱ्याच जणांनी मनात म्हटलं, ठेवू एक गड्डी, पुढे अँटिक म्हणून विकू. थांबा! २०१७ च्या कायद्याने या बाद नोटा दहापेक्षा जास्त बाळगायला बंदी आहे. अभ्यासासाठी किंवा नाणेसंग्रहासाठी सूट आहे, पण ती पंचवीस नोटांपर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दंड होऊ शकतो. सरकारने कायद्यात संग्राहकाला स्वतंत्र ओळख दिली, ती अशी. मान म्हणायचा की इशारा, तुम्हीच ठरवा.

आणि 'शिकलेले लोक फसत नाहीत' असं वाटत असेल, तर अमेरिकेकडे पुन्हा एकदा बघा. १९८६ पासून तिथे नाण्याची प्रत ठरवून त्याला प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायची पद्धत रुजली. वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांना वाटलं, चला, आता नाणं शेअरसारखं विकता येईल, बघायचीही गरज नाही. पैसा ओतला गेला, १९८९ मध्ये भाव शिगेला पोचले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कितीतरी नाणी निम्म्याहून खाली आली. डबीतलं नाणं तसूभरही बदललं नव्हतं. ते न बघता घेणारे निघून गेले, एवढाच फरक.

मग आता करायचं काय?

तुमचा अल्बम समोर आहे, बाजार थंड आहे. घाईने विकू नका, आणि हट्टाने धरूनही बसू नका. आधी ढीग वेगळे करा. जी नाणी फक्त 'वाढतील' म्हणून घेतली, ती एका बाजूला. त्यांच्याबद्दल तुम्हाला दोन वाक्यंही सांगता येत नसतील, तर ती तुमची नाहीतच. मिळेल त्या रास्त भावात मोकळी करा, आणि तोटा झाला तर क्रिकेटच्या तिकिटावर खर्च झाला असं समजा.

जी उरतील, ती नीट ठेवा. चिंच, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही नाण्याला लावायचं नाही. चकाकी येते आणि किंमत जाते. नाणं कडेने धरा, कागदी पाकिटात ठेवा.

मंदीचा एक मोठा फायदा घ्या. दुकानदाराला आता वेळ आहे. तेजीत तो तुमच्याकडे बघतही नव्हता, आता चहा मागवून खरं-खोटं ओळखायला शिकवेल. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभा आहे. एखाद्या शनिवारी जाऊन या. एका नाण्याच्या पैशात नाण्यांवरची चार पुस्तकं येतात, आणि पुस्तकाचा भाव पडला तरी ज्ञानाचा पडत नाही.

आणि शेवटचं, कडी झाळलेल्या रुपयाबद्दल. पुढच्या वेळी दुकानात डबल रोलच्या ट्रेमध्ये, 'डॅमेज, साहेब, वजनावर देतो' म्हणून बाजूला टाकलेला असा गुळगुळीत रुपया दिसला तर उचला. गावात जाऊन कुणाच्या गळ्यातली माळ मात्र मागू नका, ती विकायची की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. पण जो आधीच दुकानात आलाय, त्याची पुढची पायरी मूस आहे. चारशे-पाचशे असो की दीड-दोन हजार, भट्टीपेक्षा चार पैसे जास्त द्या. कडी कापू नका. कुठून आला ते दुकानदाराला विचारा, आणि पाकिटावर तुमच्या अक्षरात लिहा: कोणत्या सालचा, कोणत्या बाजारातून आला, कुणाकडून घेतला, कधी घेतला. माहीत असेल तेवढंच लिहा, पदरचं काही घालू नका.

या नाण्याला पाच वर्षांनी काय भाव येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण पन्नास वर्षांनी कुणी तरी ते पाकीट उघडेल तेव्हा त्याच्या हातात चांदीचा दहा-अकरा ग्रॅमचा तुकडा नसेल, जंगलातल्या एका घराच्या बँकेचं पासबुक असेल. तेवढं पान भरायचं काम मंदीत स्वस्तात होतं.